चौथं चाक

डबा उघडला तेव्हाच कळलं, चॅसी वाकडी आहे.
काचेवर ठेवली तर तीन चाकं टेकतात,
चौथं अधांतरी,
बसच्या तिकिटाच्या जाडीइतकं. जास्त नाही.
एकतीस वर्षं उद्यमबागेत इन्स्पेक्शनला होतो.
माणूस रिटायर होतो, नजर होत नाही.

जावयानं पाठवलेली ही रॅलीची गाडी,
चोवीस पट लहान, एकशे बारा तुकडे.
कागद सगळा जपानीत, पण चित्रं कळतात.
चित्रांचं बरं असतं,
त्यांना कुणी काळं फासत नाही.

पहिल्या आठवड्यात मागची काच गेली,
फेविक्विकच्या वाफेनं मोतीबिंदू झाला.
रंग मारला त्या दिवशी टिळकवाडीत झिमझिम,
लाल रंगानं तकाकीऐवजी साय धरली.
ब्रेक ऑइलमध्ये बुडवून उतरवला,
बायकोच्या जुन्या दातघाशीनं.
(जुना होता, हे नंतर कळलं की नव्हता.)
नंबरप्लेट अजून कोरी आहे.
जावई कोल्हापूरचा, त्याला एमएच झिरो नाइन हवंय.
ही म्हणते, केए बावीस घाला,
गाडी उभी कुणाच्या टेबलावर राहणार?

मग बॉनेट. मधोमध मुगाएवढा खड्डा.
आत जिथं जाडी, तिथं बाहेरून ओढ.
निवताना लोखंडही असंच
स्वतःला आत ओढून घेतं.

भरमाण्णा मजगावहून सायकल ढकलत येतो सांजचा.
मोल्डर होता. आता गुडघे दुखतात, बाकी काही नाही.
खड्डा बघून म्हणाला,
'खायाचा सोडा भर. वर एक थेंब फेविक्विक.
दगड हुतंय बग. मग घास.'

हे तू कुठं शिकलास, असं मी विचारलं,
आणि विचारताक्षणी
नको होतं विचारायला.

चॅसी गरम पाण्यातून काढून
काचेवर दाबून ठेवली होती. वर वजन:
पंपाचं एक झाकण, बिडाचं,
इतकी वर्षं दाराला टेकू म्हणून वापरलेलं.
अंगावर लाल फुली.

फुली माझी. झाकण त्याचं.
शहाण्णव साल, दुसरी पाळी.
ओतकामातलं भोक त्यानं मेण आणि ग्राफाइटनं बुजवलं होतं,
बोटाला कळू नये असं.
मी पान्यानं टिचकी मारली,
ठण्ण यायला हवं तिथं ठक् आलं.
अख्खा लॉट परत गेला.
त्याची चार दिवसांची मजुरी.
त्यानंतर आम्ही एकमेकांच्या पोरींच्या लग्नात जेवलो,
कुंदा वाटून खाल्ला,
पण हे कधी निघालं नाही.

त्यानं झाकण उचललं. उलटं केलं.
अंगठा न शोधता त्या जागी गेला.
'हिथं हाय व्हय हे,' एवढंच.
आणि ते होतं तसं चॅसीवर ठेवून
काडेपेटीच्या काडीनं
बॉनेटमध्ये सोडा भरायला लागला.

चारशे नंबर, आठशे, मग हजार, पाणी लावून.
मी नख फिरवलं. काही नाही.
दिव्यासमोर तिरकं धरलं. काही नाही.
'वाजवून बगतोस?' म्हणाला.
हसत होता की नाही
ते चष्म्याच्या भिंगात दिसलं नाही.
प्लास्टिक. सगळीकडं सारखंच वाजतं.
पास, म्हटलं मी.
हिरवा खडू घरात नव्हता.

सकाळी वजन काढून तिकीट सरकवलं.
मागचं डावं चाक टेकलंय.
आता पुढचं उजवं टेकत नाही.
फोनवर सांगितलं तर भरमाण्णा म्हणाला,
'तिसऱ्या गेटापास्नं पिरनवाडीपतूर
चारी चाकं टेकल्याली एक गाडी दाव मला.
मग ह्या गाडीचं बगू.'

खरं आहे. तरी पाणी परत तापत ठेवलंय.
झाकण या खेपेला दुसऱ्या कोपऱ्यावर,
फुलीची बाजू खाली.